चार कान, एक घड्याळ

गावच्या भजनात पखवाज, वीणा, टाळ आणि गाणारे कंठ आपण एकदमच ऐकतो. पण ते ध्वनिमुद्रित करताना प्रत्येक आवाज निराळा राहावा, मागाहून कमीजास्त करता यावा, असे वाटले तर? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, बरे का!

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ केला. त्याला कान एकच. पुढे चुंबकीय फीत आली. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल यांनी अँपेक्स कंपनीकडून आठ पट्ट्यांचे यंत्र करवून घेतले. ते १९५७ साली त्यांच्या हाती आले. आठही आवाज एकाच फितीवर शेजारीशेजारी. फीत मंदावली तर आठही मंदावणार. एकमेकांपासून सुटणार नाहीत. यंत्र मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे.

मग संगणक आला. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स सर्वांना खुले केले. १९९६ साली यूएसबी जोडणी आली. १९९८ साली यारोस्लाव्ह किसेला यांनी लिनक्ससाठी ‘अल्सा’ ही ध्वनीची व्यवस्था हाती घेतली. बोटाएवढी, स्वस्त यूएसबी साउंड कार्डे मिळू लागली. प्रत्येकाला बहुधा एकच मायक्रोफोन लागतो. पण अशी चार कार्डे जोडून ‘अल्सा’ला ती एकच चार-कानी यंत्र म्हणून दाखवता येतात.

मंडळी, गोम पुढेच आहे. प्रत्येक कार्डात बहुधा स्वतःचा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. तेच त्याचे घड्याळ. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घ्यायचे, ते त्याच्या ठोक्यावर. दोन स्फटिक कधी तंतोतंत जुळत नाहीत. समजा, दहा लाखांत पन्नासाचा फरक पडला, तर तासाभरात जवळजवळ पावणेदोन दशांश सेकंदाचे अंतर पडते. आरंभी एक वाजलेला टाळ शेवटी दोनदा ऐकू येतो!

यावर उपाय आहेत. हौशी कारागीर इतर कार्डांचे स्फटिक काढून एकाच स्फटिकाचा ठोका सर्वांना देतात. काही प्रोग्रॅम हा फरक मोजून नमुने जुळवून घेतात. शिक्षकबंधूंना सोपा मार्ग हा: आरंभी आणि शेवटी सर्व मायक्रोफोनांना ऐकू जाईल अशी एकेक टाळी वाजवा. मागाहून दोन्ही टाळ्या जुळेपर्यंत प्रत्येक पट्टी किंचित ताणा किंवा आखडा.

गावातल्या आजीबाईंच्या ओव्या उद्या ऐकू येतीलच असे नाही. त्या टिपायला आज थोड्या पैशांत चार कान मिळतात. ताल धरणारा मात्र दिंडीप्रमाणे येथेही एकच हवा.