शिवलेली नऊवारी

नऊ वारांचे, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटरचे लुगडे नेसण्याची सवय नसलेल्या नववधूंसाठी निऱ्या, कासोटा आणि पदर टाके घालून पक्के केलेली शिवलेली नऊवारी सोयीची ठरते. शिवणाऱ्या बाईची खरी कसोटी मात्र कात्री लावताना असते. साडी आईची पैठणी असेल तर चुकलेला काप भरून निघत नाही, आणि एकदा कापलेली साडी पूर्वीसारखी नेसताही येत नाही. दोन्ही पायांवरचे काठ सारखे उतरावे लागतात. लग्नापर्यंत वधूचे माप बदलते, म्हणून शिवणीत माया सोडतात. तुळशीविवाहानंतर कामाची रीघ लागते; मजुरीची घासाघीस तर बारमाही. पाटावर बसलेल्या वधूचा कासोटा कुठे ओढला गेला नाही, तर समाधान मोठे; धाकट्या बहिणीची साडीही मग तिच्याकडेच येते.