सांदण दरी
अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ सह्याद्रीच्या कड्यातून कोकणाकडे उतरणारी अरुंद, खोल घळ. रतनगड, आजोबा आणि अलंग-मदन-कुलंग हे डोंगर तिच्या भोवती आहेत. तिला दरी म्हणतात, पण आकाराने ही कातळातली चीर आहे. उभ्या भिंती पाहून डोंगर एका धक्क्यात दुभंगला असावा, असे वाटते. तळाची साक्ष मात्र वेगळी आहे. तेथील धोंड्यांच्या कडा झिजून गोलसर झाल्या आहेत आणि भिंतींचा खालचा भाग पाण्याने गुळगुळीत घासला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टमधील उभ्या भेगांनी वाट दाखवली आणि पाण्याने ती खोदली, हेच अधिक पटते. उन्हाळ्यात डबक्यांपुरते उरणारे पाणी एवढे कसे खोदेल, हा आक्षेप रास्त आहे. पण खोदकाम होते ते पावसाळ्यात, लोंढ्यासोबत धावणाऱ्या धोंड्यांनी. म्हणूनच त्या दिवसांत आत उतरणे जिवावरचे ठरते. ‘आशियातील दुसरी सर्वांत खोल दरी’ ही जाहिरातबाजी मात्र सोडून द्यावी. हिमालयातील काली गंडकीच्या घळीपुढे ती टिकत नाही.