१०३ वेळा मतदान झालं, तेव्हा कुठं या पक्षाला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मिळाला

अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष आलं की आपल्या मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास येतो. भलामोठा हॉल, हातात फलक घेतलेली हजारो माणसं, स्टेजवर हात हलवणारा उमेदवार आणि वरून पडणारे फुगे. हे पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन. गंमत म्हणजे उमेदवार कोण हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं.

पूर्वी तसं नव्हतं. उमेदवार खरोखर तिथंच ठरायचा, आणि कधीकधी तो ठरता ठरत नसे. याचा कहर झाला १९२४ साली, न्यूयॉर्कमध्ये.

पण त्याआधी एक नियम समजून घेऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही. सुरुवातीला पक्षाचे खासदार आपापसात बसून नाव ठरवायचे. लोकांना ते खटकायला लागलं. १८३१ मध्ये अँटी-मेसॉनिक नावाच्या छोट्या पक्षानं बाल्टिमोरला राज्याराज्यांतून प्रतिनिधी बोलावले आणि उमेदवार निवडला. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षानं त्याच शहरात कित्ता गिरवला, पण एक अट घातली. साधं बहुमत चालणार नाही, दोन तृतीयांश मतं हवीत.

म्हणजे एक तृतीयांशापेक्षा एखादं मत जास्त हाताशी असलं, की तुम्ही कुणालाही अडवू शकता. जिंकता नाही आलं तरी जिंकू न देणं सोपं. दक्षिणेतल्या राज्यांना हा नियम फार प्रिय होता, कारण त्यांना नको असलेला माणूस पुढं सरकतच नसे.

आता १९२४. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २४ जूनला अधिवेशन सुरू झालं. समोरासमोर होते विल्यम मॅकाडू आणि अल स्मिथ. मॅकाडू माजी अर्थमंत्री, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे जावई. दारूबंदीचे समर्थक, ग्रामीण आणि दक्षिणेकडच्या प्रोटेस्टंट मतदारांचे लाडके. स्मिथ न्यूयॉर्कचे गव्हर्नर, कॅथलिक, दारूबंदीला विरोध करणारे, शहरी कामगार आणि स्थलांतरितांचा माणूस.

या दोघांच्या मधे उभा होता कू क्लक्स क्लॅन. कृष्णवर्णीय, ज्यू, कॅथलिक, स्थलांतरित या सगळ्यांचा द्वेष करणारी ही संघटना त्या काळात ऐन भरात होती. मॅकाडू तिचे सदस्य नव्हते, पण तिचा पाठिंबा त्यांनी झिडकारलाही नाही. क्लॅनचं नाव घेऊन निषेध करायचा असा ठराव आला. अर्ध्या मताचे प्रतिनिधी, त्याहून लहान अपूर्णांकांचे प्रतिनिधी, अशी सगळी बेरीज झाली आणि ठराव अगदी काठावर, एखाद्या मताच्या फरकानं पडला. पक्ष तिथंच उभा चिरला गेला होता.

३० जूनला उमेदवारीचं मतदान सुरू झालं. एकूण १०९८ मतं, हवी होती ७३२. पहिल्या फेरीत मॅकाडूंना ४३१.५, स्मिथना २४१. बाकीची मतं डझनभराहून जास्त नावांत विखुरली. दुसरी फेरी, दहावी, तिसावी, पन्नासावी. आकडा हलेना.

यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं वाचली जायची, त्यामुळं प्रत्येक फेरीत पहिला नंबर अलाबामाचा. तिथले गव्हर्नर ब्रँडन उठायचे आणि आपली चोवीस मतं ऑस्कर अंडरवुड यांना देऊन बसायचे. हे अधिवेशन पहिल्यांदाच रेडिओवरून घरोघरी ऐकू जात होतं, त्यामुळं ब्रँडन यांचं ते एक वाक्य देशभर लोकांच्या तोंडी झालं. आजच्या भाषेत मीम. आणि हे अंडरवुड दक्षिणेतले असूनही क्लॅनचे कट्टर विरोधक होते, हे विशेष.

मॅकाडू ६९ व्या फेरीत ५३० पर्यंत चढले. तिथंच अडकले. स्मिथ कधीही ३६८ च्या वर गेले नाहीत, पण अडवायला तेवढी पुरेशी होती. न्यूयॉर्कची असह्य गर्मी, गॅलरीतून स्मिथ समर्थकांची हुल्लड, आणि हॉटेलची बिलं भरता भरता रिकामे झालेले प्रतिनिधींचे खिसे. शेवटी दोघंही बाजूला झाले आणि ९ जुलैला १०३ व्या फेरीत जॉन डेव्हिस या वकिलाच्या गळ्यात माळ पडली. कुणाचाच पहिला पसंतीचा नसलेला माणूस. नोव्हेंबरमध्ये त्यांना जेमतेम २९ टक्के मतं मिळाली आणि रिपब्लिकन कूलिज आरामात जिंकले.

त्या गोंधळात एक माणूस मात्र कमावून गेला. स्मिथ यांचं नाव सुचवायला पोलिओनं पाय गेलेले फ्रँकलिन रूझवेल्ट कुबड्यांवर व्यासपीठाशी आले होते. १९३२ मध्ये त्यांनाही हाच दोन तृतीयांशाचा डोंगर चढावा लागला, चौथ्या फेरीत जमलं. १९३६ मध्ये, ते राष्ट्राध्यक्ष असताना, पक्षानं तो नियमच काढून टाकला. दक्षिणेचा नकाराधिकार तिथं संपला.

एकापेक्षा जास्त फेऱ्या लागलेलं शेवटचं मोठ्या पक्षाचं अधिवेशन १९५२ चं. पण निर्णय नेत्यांच्याच हातात राहिला. १९६८ मध्ये शिकागोत बाहेर व्हिएतनाम युद्धाविरोधात तरुण पोलिसांच्या लाठ्या खात होते आणि आत ह्यूबर्ट हम्फ्रींना उमेदवारी मिळाली, एकही प्रायमरी न लढवता. लोक इतके भडकले की पक्षानं नियम बदलले. १९७२ पासून प्रायमरीतल्या मतदारांचा कौल निर्णायक झाला आणि अधिवेशन उरलं टीव्हीपुरतं.

अपवाद २०२४ चा. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा प्रायमरी उरकल्या होत्या. पुन्हा १९२४ होणार का, अशी कुजबूज सुरू झाली. पक्षानं ती वेळच येऊ दिली नाही. ऑगस्टच्या सुरुवातीलाच ऑनलाइन मतदान घेऊन कमला हॅरिस यांचं नाव पक्कं केलं. अधिवेशन त्यानंतर भरलं, शिकागोतच.