दगडावर कोरलेलं दत्ताचं नाव

तीर्थपुरीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या साली एका सभामंडपाला आम्ही वर्गणी दिली. कुणी शिलाईच्या पैशातून, कुणी खुरपणीच्या. देणगीदारांची पाटी लागली, तर नावं सगळी मालकांची! कुणी बोललं नाही, पण मनात राहिलं. म्हणून आज पितळखोऱ्याची गोष्ट सांगतो.

कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे २२०० वर्षांपूर्वीची. पायऱ्या उतरून दरीत गेलं की प्रार्थनेचं चैत्यगृह लागतं. जवळच भिक्खूंच्या राहण्याचा विहार, आणि त्याच्या जोत्याला ओळीनं कोरलेले हत्ती. वरचा बराच दगड ढासळलाय, पण हत्ती अजून उभे आहेत.

हे काम एकट्या राजाच्या पैशानं झालेलं नाही. लोकांनी वाटून घेतलं. कुणी काय दिलं, ते तिथंच ब्राह्मी लिपीत कोरलंय. एक खांब पैठणच्या मितदेवाचा. त्याचं घराणं सुगंधी वस्तू विकणारं. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांचा. एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आणि त्याच लेण्यात एका बाईचं नाव आहे, दत्ता. मगिल नावाच्या राजवैद्याची ही मुलगी. बापानं दान दिलं, तसं तिनंही दिलं, आणि ते तिच्या नावावर कोरलं गेलं. मगिलाची ओळखही त्याच्या आईवरून दिलीय, वाछीचा मुलगा म्हणून. आज १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावापुढं आईचं नाव लावायचा नियम झालाय. आपल्याकडं ही रीत किती जुनी आहे बघा!

आपल्या जिल्ह्याचंही नाव यात आहे. भोकरदन म्हणजे तेव्हाचं भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेलं दान मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर कोरलेलं आहे. सांचीला दान देणाऱ्यांत भिक्खुणी आहेत, घरसंसारातल्या बायाही कितीतरी आहेत.

राजे गेले, वाटा बदलल्या, पण दत्ताचं नाव राहिलं. कारण ते लिहिलं गेलं.

आता आमच्या गटानं ठरवलंय. वर्गणी देताना पावतीवर आपलंच नाव सांगायचं, पाटी रंगायच्या आधी यादी वाचून घ्यायची. तुम्हीही गटात हा विषय काढा. पैसा आपल्या कष्टाचा, तर नावही आपलंच पाहिजे.