जुळविलेल्या यंत्राची कथा

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत धामणगाव बढे नांवाचें गांव आहे. तेथील एखाद्या घरीं, कचेरींतून निवृत्त झालेला जुना संगणक फडताळाच्या खालच्या कप्प्यांत रात्रंदिवस चालू असावा. त्यांत सांठविलेला चित्रपट माजघरांतील टीव्हीवर उमटावा. आणि त्याच वेळीं पुण्यास शिकणारा मुलगा व त्याचे गांवांतील सोबती त्याच यंत्राच्या आश्रयानें एकत्र खेळ खेळत असावे, ही गोष्ट आतां केवळ कल्पनेंतील राहिलेली नाहीं. असें यंत्र तयारच आणावें लागतें असें नाहीं. सुटे भाग आणून तें घरीं जुळवितां येतें. वरवर पाहतां हा उद्योग पोरखेळ वाटेल. परंतु त्याच्या मागें एक इतिहास उभा आहे, आणि त्यांतील कांहीं महत्त्वाचीं प्रकरणें महाराष्ट्रांतच घडलेलीं आहेत.

यंत्र विकत घेण्याऐवजीं स्वतः घडवावें, ही हौस आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईस रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनीं १९२३ सालीं ध्वनिक्षेपणाचे प्रयोग केले. मुंबईचें नभोवाणी केंद्र रीतसर सुरू झालें तें त्यानंतर चार वर्षांनीं, १९२७ च्या जुलैंत. हौशी आधीं आणि कंपनी मागून, असा तो क्रम होता.

संगणकाच्या बाबतींत आरंभ मोठ्या संस्थांनीं केला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें १९५५ मध्यें इंग्लंडांतून तयार यंत्र आणविलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें दुसरी वाट धरली. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तेथील तरुण मंडळींनीं संगणक स्वतःच बांधावयास घेतला. प्रथम एक लहान नमुनायंत्र करून पाहिलें, आणि तें चालतें अशी खात्री झाल्यावर मोठें यंत्र हातीं घेतलें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. १९६० च्या फेब्रुवारींत तें कामास लागलें, आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्याची स्मरणशक्ति २०४८ शब्दांची व प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. म्हणजे आजच्या मापानें अवघी दहा किलोबाइट. आज घरगुती संगणकांत सोळा गिगाबाइट स्मरणशक्ति सहज असते, आणि ती टिफ्रॅकच्या सोळा लाख पटींहून अधिक भरते.

पुढें १९६४ मध्यें त्याच संस्थेनें अमेरिकेहून सीडीसी ३६०० हें कितीतरी वेगवान यंत्र आणलें. तेव्हां हिशेबी मनुष्य विचारील कीं, शेवटीं विकतच आणावयाचें होतें तर आधीं इतका खटाटोप कशास केला? याचें उत्तर यंत्रांत सांपडत नाहीं, तें बांधणाऱ्या माणसांत सांपडतें. ज्यांनीं एकेक जोड स्वतः दिला, त्यांना आंत काय चालतें हें दुसऱ्यास विचारावें लागत नव्हतें. यंत्र जुनें झालें. परंतु त्यापासून मिळालेली विद्या जुनी झाली नाहीं.

हाच प्रश्न सुमारें तीन दशकांनीं पुण्यास निराळ्या रूपानें उभा राहिला. अमेरिकेचे महासंगणक निर्यातीच्या निर्बंधांमुळें भारतास हवे तसे मिळेनात. म्हणून १९८८ मध्यें ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, आणि तिचीं सूत्रें डॉ. विजय भटकर यांच्या हातीं आलीं. ते बुलढाण्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या गांवचे. एकच अतिशय बलाढ्य व महागडा प्रोसेसर घडविण्याच्या भरीस न पडतां या मंडळींनीं ट्रान्सप्यूटर नांवाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांस जोडले आणि काम त्यांच्यांत वांटून दिलें. १९९१ मध्यें ‘परम ८०००’ उभा राहिला. गांव करी तें राव न करी, ही म्हण जणुं तारांनीं गुंफून दाखविली गेली. हे प्रोसेसर परदेशांतच तयार झालेले होते; त्यांची जुळणी मात्र आपली होती. अमेरिकेंत १९९४ मध्यें नासाच्या गोडार्ड केंद्रांतील संशोधकांनीं बाजारांत मिळणारे सोळा साधे ४८६ प्रोसेसर लिनक्स या मुक्त प्रणालीवर एकत्र चालविले, त्यांतही तत्त्व हेंच होतें.

ही जुळणी घरापर्यंत कशी आली? १९८१ मध्यें आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तो बव्हंशीं इतरांनीं बनविलेल्या भागांचा. शिवाय त्याच्या रचनेचा पुष्कळ तपशील तिनें प्रसिद्ध केला. त्यामुळें त्याबरहुकूम चालणारे भाग अनेक कारखाने करूं लागले. भारत सरकारच्या १९८४ च्या नव्या संगणक धोरणानें सुट्या भागांच्या आयातीची वाट पुष्कळ मोकळी केली. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क, पेटी असे भाग निरनिराळे घेऊन संगणक ‘असेंबल’ करण्याचा प्रघात पडला. नामांकित कंपनीचें यंत्र ज्यांच्या आटोक्याबाहेर होतें, त्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत संगणक शिरला तो पुष्कळ अंशीं याच दारानें.

यापुढील पायरी म्हणजे सर्व्हर. सर्व्हर ही संगणकाची निराळी जात नव्हे. ती एक भूमिका आहे. जो संगणक इतरांच्या मागण्या ऐकून त्या पुरवितो तो सर्व्हर. १९९६ सालच्या ‘क्वेक’ या खेळांत ही भूमिका स्पष्ट दिसते. कोणा खेळाडूनें आपल्या यंत्रावर खेळाचा दरबार भरवावा व इतरांनीं दुरून त्यांत यावें, अशी त्याची रचना होती. याच्या उलट, पुढील काळांत अनेक खेळांची भेटगांठ कंपनीच्याच सर्व्हरवर घडूं लागली. ‘गेमस्पाय’ ही अमेरिकन सेवा २०१४ च्या मे अखेर बंद झाली, तेव्हां तिच्यावर विसंबलेल्या खेळांपैकीं कांहींना प्रकाशकांनीं दुसरा आश्रय दिला, कांहीं खेळाडूंनींच सांवरले, आणि कांहींचा दूरस्थ खेळ थांबला. लोकांनीं खेळ पैसे देऊन घेतले होते. पण दरबाराची किल्ली त्यांच्याजवळ नव्हती. ‘क्वेक’चा दरबार मात्र आजही कोणासही आपल्या घरीं भरवितां येतो; ‘माइनक्राफ्ट’च्या एका प्रकाराचा सर्व्हरही तसाच घरीं चालवितां येतो.

चित्रपट व संगीत यांची गोष्ट फारशी वेगळी नाहीं. वर्गणी थांबली किंवा करार संपला कीं काल दिसणारी कृति आज दिसेनाशी होते. ‘जेलीफिन’सारखी २०१८ मध्यें पुढें आलेली मुक्त प्रणाली घरच्या संग्रहास घरचेंच प्रक्षेपण-केंद्र करून देते. त्या संग्रहांत रीतीनें मिळविलेले चित्रपट असतील. तसेंच आजीच्या ओव्यांच्या ध्वनिफिती व लग्नमुंजींचीं चित्रणेंही असतील. हीं दुसऱ्या कोणत्याही दुकानांत मिळणार नाहींत.

धामणगाव बढ्यासारख्या गांवीं हें थोडक्या पैशांत साधावयाचें, तर पैसा कोठें घालावा व कोठें राखावा हें कळलें पाहिजे. खेळाच्या सर्व्हरला भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं, कारण चित्र उमटतें तें खेळणाऱ्याच्या यंत्रावर. त्यास चपळ प्रोसेसर व पुरेशी स्मरणशक्ति लागते. चित्रपटांसाठीं मुख्य खर्च डिस्कचा. आणि एक डिस्क केव्हांही दगा देते, म्हणून मोलाच्या गोष्टींची प्रत दुसरीकडे ठेवणें भाग आहे. विजेचा हिशेब तर विसरूंच नये. शंभर वॅट खाणारें यंत्र अहोरात्र चालविल्यास वर्षांत ८७६ युनिट जळतात. वीस वॅटांचें यंत्र सुमारें १७५ युनिटांत भागवितें. स्वस्तांत मिळालेलें जुनें यंत्र पुष्कळदां आपली राहिलेली किंमत विजेच्या बिलांतून वसूल करीत असतें. शिवाय पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वांटतात. तेव्हां घर असूनही दारावर क्रमांक नसावा, अशी स्थिति होते, आणि बाहेरच्या सोबत्यास आंत येतां येत नाहीं. त्यासाठीं आधीं कंपनीकडे स्वतंत्र पत्त्याची चौकशी करावी हें बरें. घरांतल्या घरांत चित्रपट पाहण्यास मात्र ही अडचण येत नाहीं. इंटरनेट बंद पडलें तरी तो चालूं शकतो.

तयार सेवेपुढें हें घरगुती यंत्र सोयीच्या बाबतींत उणें पडेल, हें मान्य केलें पाहिजे. तें मध्येंच रुसेल, वीज गेल्यास बंद पडेल, आणि दुरुस्तीला घरचेंच माणूस लागेल. टिफ्रॅकपाशींही अखेर घरचींच माणसें होतीं. ज्या घरीं एखाद्या मुलीनें पेटीचें झांकण उघडून जळालेला पॉवर सप्लाय स्वतः बदलला, त्या घरीं संगणक ही बंद पेटी उरत नाहीं. आणि पुढें त्याहून चांगलें यंत्र विकत आणलें, तरी तें कसें चालतें हें विचारण्यास तिला कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं.