तळटीप : होरसचा डोळा

१. होरसचा डोळा (वेजात) : सेतने भाऊ ओसायरिसला मारून राज्य बळकावले. पुढे ओसायरिसचा मुलगा होरस काकाशी लढला, त्या झुंजीत त्याचा डोळा गेला. बहुतेक कथांत थोथ हा देव तो पूर्ववत करतो. इजिप्तच्या विसाव्या राजवंशातील एका पपायरसात मात्र सेत दोन्ही डोळे उपटून डोंगरावर पुरतो, त्यांतून कमळे उगवतात आणि हथोर देवी हरिणीचे दूध खाचांत घालून होरसला दृष्टी देते. परत मिळालेला डोळा होरसने मृत पित्याला अर्पण केला. म्हणून पिरॅमिडांतील मंत्रांत भाकरी, मद्य, तेल अशा नैवेद्यांनाही ‘होरसचा डोळा’ म्हटले आहे. होरस हा ससाणारूपी देव असल्याने चित्रात डोळ्याखाली दिसणाऱ्या रेषा ससाण्याच्या चेहऱ्यावरील खुणांच्या आहेत. ममी करताना डाव्या कुशीला दिलेला छेद हे चिन्ह कोरलेल्या पत्र्याने झाकत. तानिस येथे सापडलेला पहिल्या सुसेनेस राजाचा असा पत्रा सोन्याचा आहे. प्रस्तुत परिच्छेदातील ताईत केवळ दृष्ट टाळणारा समजू नये. भंगलेले शरीर पुन्हा अखंड होवो, ही त्यामागची प्रार्थना आहे. — संपा.