देणगी, वर्गणी आणि डोनेशन

पैसे देण्याच्या क्रियेला मराठीत शब्दांची वाण नाही. दान, दक्षिणा, वर्गणी, देणगी, नजराणा, अनुदान या प्रत्येकामागे देणारा आणि घेणारा यांचे एक वेगळे नाते आहे. बालवाडीच्या प्रवेशासाठी मागितल्या जाणाऱ्या रकमेला मात्र यांपैकी एकही शब्द चालला नाही. मराठी माणसाने त्यासाठी ‘डोनेशन’ हा शब्द इंग्रजीतून उसना आणला आणि आणताना त्याचा अर्थ पालटून टाकला. इंग्रजीत तो स्वेच्छेचा शब्द आहे. आपल्याकडे तो जागेच्या किमतीचा झाला. ‘शाळेला देणगी दिली’ आणि ‘शाळेत डोनेशन भरले’ या दोन वाक्यांतील अंतर कोणत्याही मराठी गृहिणीला समजावून सांगावे लागत नाही.

कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात, राज्यातून प्रतिनियुक्तीवर नव्याने आलेले अधिकारी भेटतात तेव्हा त्यांचे दोन विषय ठरलेले असतात. पहिला सरकारी निवासस्थानाचा आणि दुसरा मुलांच्या शाळेचा. तीन वर्षांचे मूल घेऊन आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने मध्यंतरी मला विचारले, “सर, एका खाजगी शिशुवर्गात सुचवले आहे की काही द्यावे. किती द्यावे?” द्यावे की न द्यावे हा प्रश्न त्याच्या मनात उरलेलाच नव्हता, प्रश्न फक्त आकड्याचा होता. ही अवस्था कशी आली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

महाराष्ट्रातील खाजगी शिक्षणसंस्था देणग्यांवरच उभ्या राहिल्या. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. त्यासाठी संस्थानिकांनी पैसे दिले, सामान्यांनीही दिले. पण त्याहून मोठी देणगी तेथे अल्प वेतनावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आजीव सभासदांची होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे हिंगण्याला नेला. त्यांनी गावोगाव हिंडून अगदी लहानसहान रकमा गोळा केल्या. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपये देऊ केले. ही देणगी निरपेक्ष नव्हती; विद्यापीठाला आपल्या आईचे, नाथीबाईंचे, नाव द्यावे अशी अट होती. म्हणजे देणगीला अट असू नये, असे आपल्या पूर्वजांनीही मानले नव्हते. मात्र त्या अटीत कोणा एका मुलीची जागा अडकलेली नव्हती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. वसतिगृहातील मुलांना अन्न मिळावे म्हणून त्यांनी मुष्टिफंड योजना चालवली. घरात धान्य काढताना गृहिणीने एक मूठ बाजूला ठेवावी, एवढीच अपेक्षा. लक्ष्मीबाईंनी तर वसतिगृहासाठी आपले दागिने दिले. मूठभर धान्य देणाऱ्या बाईचे मूल त्या वसतिगृहात असेलच असे नव्हते, बहुधा नसेच. वर्गणीचे सारे तत्त्व त्या मुठीत आहे: प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे आणि त्याचा उपयोग ज्याला गरज आहे त्याला व्हायचा.

आता बालशिक्षणाकडे वळू. ताराबाई मोडक १९२३ च्या सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरला शिशुविहार निघाले. परंतु शहरी बालमंदिर हे सुखवस्तू घरांच्या आवाक्यातले आहे, हे ताराबाईंना खुपत राहिले. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांचे काम चालले. महागड्या माँटेसोरी साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने वापरायची आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी या कल्पनेचे मूळ येथे आहे. बालशिक्षण स्वस्त करण्यासाठी एका पिढीने आयुष्य वेचले, आणि त्याच बालशिक्षणाच्या दाराशी पुढे सर्वांत लांब रांग लागली, हा विरोधाभास मला नेहमी अस्वस्थ करतो.

ही रांग का लागली याचे कारण शिक्षणशास्त्रात सापडत नाही. ते व्यवस्थापनाच्या रचनेत आहे. ज्या शाळेत शिशुवर्गापासून बारावीपर्यंतचे वर्ग एकाच संस्थेकडे असतात, तेथे प्रवेशाचे मुख्य दार एकच, तेही तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पुढे पाचवीत किंवा आठवीत जागा क्वचितच रिकामी होते. त्यामुळे पालक जे मोजतो ते एका वर्षाच्या खेळगाण्यांसाठी नसते. चौदा वर्षांची निश्चिंती तो एका संध्याकाळी विकत घेत असतो.

कायद्याने या व्यवहाराची दखल प्रथम वरच्या टोकाला घेतली. महाराष्ट्रात १९८३ च्या सुमारास विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा मिळाली आणि डोनेशन हा शब्द घरोघर पोचला. १९८७ च्या अधिनियमाने महाराष्ट्राने कॅपिटेशन फी घेण्यास मनाई केली. ठरलेल्या शुल्कापेक्षा अधिक घेतलेली रक्कम, मग तिला नाव काहीही द्या आणि ती रोख असो की वस्तुरूप, त्या व्याख्येत येते. त्याच कायद्यात एक समंजस कलमही आहे. संस्थेने दानशूर व्यक्तींकडून सद्भावनेने देणग्या जरूर स्वीकाराव्यात, पण त्यांच्या मोबदल्यात एकही जागा राखून ठेवू नये. देणगी आणि डोनेशन यांतील भेद, जो भाषेने आधीच केला होता, तो विधिमंडळाने एका वाक्यात बसवला. १९९२ मध्ये मोहिनी जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदेशीर ठरवली. पुढील वर्षी उन्नीकृष्णन प्रकरणातही ती अमान्यच राहिली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी कॅपिटेशन फी घेणे आणि बालकाची वा पालकांची चाळणी लावणे, दोन्ही निषिद्ध केले. घेतलेल्या रकमेच्या दहापट दंडाची तरतूद आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वयोगटाचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये नर्सरीच्या मुलाखती बंद पाडल्या होत्या आणि अशोक गांगुली समितीने गुणांची पद्धत सुचवली होती. त्याच न्यायालयाला २०१३ मध्ये असे म्हणावे लागले की दुर्बल घटकांच्या पंचवीस टक्के जागा सोडल्या, तर नर्सरी प्रवेशाला शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. ज्या वयात बाजार सर्वांत तेज, त्या वयात केंद्रीय कायद्याचे हात आखूड, अशी ही स्थिती. राज्यांचे नियम आहेत, पण त्यांची व्याप्ती राज्यागणिक वेगळी.

आयकर कायदा बिचारा या बाबतीत स्पष्टवक्ता निघाला. १९६१ च्या कायद्यातील ८०सी खाली शिकवणी शुल्काची वजावट मिळे, प्लेस्कूलचेसुद्धा. पण विकासनिधी वा देणगी म्हणून दिलेली रक्कम त्यातून वगळलेली होती. मग ती ८०जी खाली धर्मादाय म्हणून दाखवावी, तर प्रवेशाच्या बदल्यात दिलेले धर्मादाय कसे?

येथे आपल्या सेवेतील मंडळींना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. अधिकारी रोख देत नाही म्हणून तो काहीच देत नाही, असे नव्हे. शिफारसपत्र, एक दूरध्वनी, अडलेल्या परवानगीची चौकशी हेही चलनच आहे, आणि त्याची पावती कधीच फाटत नाही. दिल्लीत तर सनदी सेवांच्याच सोसायटीने १९९८ मध्ये चाणक्यपुरीला संस्कृती स्कूल काढले. त्यासाठी केंद्रीय मंत्रालयांनी अनुदाने दिली आणि साठ टक्के जागा वर्ग एकच्या केंद्रीय अधिकाऱ्यांच्या मुलांना ठेवल्या गेल्या. वारंवार बदल्या होणाऱ्यांच्या मुलांची सोय हा युक्तिवाद खोटा नाही. मी स्वतः त्या अडचणीतून गेलो आहे. तरीही २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे आरक्षण रद्द ठरवले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, हा भाग वेगळा. सार्वजनिक पैशातून दिलेले अनुदान आणि त्याच्या जोडीला आलेल्या राखीव जागा यांना १९८७ च्या आपल्या कायद्याची कसोटी लावली तर काय दिसेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. केंद्रीय विद्यालयांतील खासदारांच्या शिफारशीच्या जागा २०२२ मध्ये बंद झाल्या, तेव्हा अनेक खासदारांनाच हायसे वाटले असेल. दहा जागांसाठी शेकडो अर्जदारांना नाही म्हणणे सोपे नव्हते.

त्या तरुण अधिकाऱ्याला मी आकडा सांगितला तो शून्य. प्रवेश निश्चित होऊन फी भरली जाईपर्यंत एक रुपयाही देऊ नकोस, आणि जे मागितले जाईल त्याचे शीर्षक व पावती लेखी माग, असे म्हटले. या मागणीनंतर प्रवेश मिळाला नाही, तर घराजवळची दुसरी बालवाडी पाहायची. तीन वर्षांच्या मुलाला मैदान आणि प्रेमळ ताई हवी असते, शाळेच्या नावाशी त्याला कर्तव्य नसते. त्याच्या पत्नीला हा सल्ला मुळीच पटला नाही. “तुमची मुले मोठी झाली, म्हणून तुम्हाला हे सुचते,” असे त्या म्हणाल्या. त्यांचा मुद्दा अगदीच गैर नव्हता.

प्रवेशानंतर द्यावेसे वाटले तर किती, हा पुढचा प्रश्न. तेथे मी मुष्टिफंडाचा हिशोब सुचवला. आपले मूल त्या शाळेत नसते तरी आपण जेवढे आनंदाने दिले असते तेवढे द्यावे, धनादेशाने द्यावे, आणि शक्य तर शिशुवर्गातल्या मदतनीस बाईंच्या पगारासाठी किंवा पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलाच्या गणवेशासाठी म्हणून द्यावे. शासकीय सेवकाने इतरांकडून वर्गणी गोळा करण्याला मात्र आचरणनियमांत पूर्वपरवानगी लागते, हेही त्याला आठवण करून दिले, कारण पालक समितीत अधिकारी आला की निधी उभारण्याचे काम हमखास त्याच्याच गळ्यात पडते.

महिन्याभराने त्याने कळवले की त्या शिशुवर्गाने पावतीचा विषय निघताच उत्तर देणे थांबवले. मुलगी आता सरकारी वसाहतीतल्या एका छोट्या बालवाडीत जाते. पहिल्या सत्राअखेर त्याने तेथे वाळूचा हौद बांधून दिला. खर्च किती आला ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.